नुसते ओठ हलवा

मी आधीच सांगून टाकते, मला राग लवकर येतो. शाळेची बस चालवते मी. पाठीमागे बसभर पोरं किंचाळत असताना जिच्या कपाळावर आठी पडत नाही, ती एकतर संत असेल नाहीतर ठार बहिरी. पण पोरांवरचा राग टिकत नाही, एकेका थांब्यावर एकेकाबरोबर उतरून जातो. शूःमास्तरवरचा उतरला नाही. तो उतरावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

शूःमास्तर हे नाव आम्ही बँडवाल्यांनी ठेवलेलं. आमच्या चर्चची कॉयर, म्हणजे गाणाऱ्यांचा ताफा, आधी एक बाई शिकवायच्या. त्यांचे गुडघे गेले, जिना चढवेना, आणि त्यांच्या जागी यंदा हा आला. शिकलेला माणूस, लांब बोटं, घरातसुद्धा गळ्यात मफलर असावा असा चेहरा. आम्ही पेट्यांतून वाद्यं नुसती बाहेर काढली तरी हा ओठांवर बोट ठेवून ‘शूः’ करायचा. अरे बाबा, पितळ आहे ते, कापूस नाही. पितळी वाद्यांचा बँड म्हटला की आवाज येणारच. ज्याला आवाज नको त्याने मासे पाळावेत!

माझ्या मांडीवर ट्युबा असतो. बँडमधलं सगळ्यात मोठं, सगळ्यात खालच्या आवाजात डुरकणारं वाद्य. पहिल्याच सरावाला शूःमास्तरने मला सांगितलं, “यात जरा टॉवेल कोंबता का?”

“कुणाचा? तुमचा की माझा?” मी विचारलं.

बँड हसला, कॉयरही हसली. तेव्हापासून त्याने माझं नाव घेणं सोडलं. “खालचा विभाग जरा जास्त होतोय,” असं हवेत बघून म्हणायचा. खालचा विभाग म्हणजे मी एकटीच. हे सगळं मी गिळलं असतं. टॉवेलही कोंबला असता. पण तो माझ्या ताईच्या वाटेला गेला.

ताई माझी थोरली बहीण. आई गेल्यावर माझ्या वेण्या तिने घातल्या, शाळेत माझ्या भांडणांची माफी तिने मागितली, आणि कॉयरमध्ये ती इतकी वर्षं उभी आहे की तिथल्या अर्ध्या पोरींच्या आयांना तिने गाणं शिकवलंय. स्त्रियांमधल्या खालच्या सुरांत गाते. तिचा आवाज काही फार सुंदर होता असं नाही. पण उबदार होता, घट्ट होता, शेजारी उभी असलेली पोरगी घसरली तर त्या आवाजाला धरून परत वर यायची. दवाखान्यात नावं पुकारायच्या खिडकीवर ती नोकरी करते. तिथेही म्हातारीकोतारी म्हणायची, बाईने नाव पुकारलं की निम्मं दुखणं कमी होतं.

मग गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण आवाज परत आला तो चिरलेला. मधेच फुटायचा, मधेच नुसतीच हवा यायची. दवाखान्याने तिच्या खिडकीवर आकडे दाखवणारी पाटी आणि एक घंटी बसवली. ताई आता बटण दाबते, टिंग वाजतं, माणूस उठतो. मी म्हटलं, काय हा अपमान! ती म्हणाली, “अगं, कामाला बरं पडतं. गाण्यापुरता आवाज राहतो ना मग.”

हे नीट लक्षात ठेवा. दिवसभर ती तोंड मिटून बसायची, ते संध्याकाळी कॉयरमध्ये गाण्यापुरतं काहीतरी शिल्लक राहावं म्हणून. सकाळी चहा टाकताना ‘आ’ लावून बघायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, थोडं थोडं गात राहा, गायलात तर येईल, गप्प बसलात तर तेवढाही जाईल.

नाताळच्या कार्यक्रमाचा सराव चर्चच्या तळघरात चालतो. रंगाच्या डब्यांचा वास, भिंतीला लावलेल्या घडीच्या खुर्च्या, आणि एकच हीटर, तो कॉयरच्या बाजूला. बँडवाले आपापली तोंडं, म्हणजे वाद्यांची, काखेत धरून गरम करतात. थंड पितळ सुरात बोलत नाही. त्या दिवशी मीही माझ्या ट्युबाचं तोंड काखेत धरून बसले होते, तेवढ्यात शूःमास्तर ताईजवळ गेला. जाताना हसत गेला. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

“ताई,” तो म्हणाला, अगदी लोण्यासारखा, “यंदा आपण व्हिडिओ करतोय ना. माइक फार बारीक असतात हो, सगळं पकडतात. तुमचा अनुभव आम्हाला हवाच आहे. तुम्ही उभ्या राहा, पहिल्या रांगेतच राहा. फक्त नुसते ओठ हलवा. आवाज नको.”

मला वाटलं ताई काहीतरी बोलेल. कॉयरमधली कुणीतरी बोलेल. सगळ्या आपापल्या कागदांत बघायला लागल्या, जणू तिथे आजच काहीतरी नवीन छापून आलं होतं. ताईने मान हलवली. “बरं,” म्हणाली. आणि पुढच्या गाण्याला तिचे ओठ हलायला लागले.

डॉक्टरांनी तिचा गळा कापला तो सांगून, भूल देऊन, नीट टाके घालून. या माणसाने केसाने कापला. आणि वर ‘ताई’ म्हणून!

सराव संपल्यावर मी तिच्या घरी गेले, ती नको म्हणत असताना. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, स्वयंपाकघरात उभे राहून कॉयरच्या पांढऱ्या झग्याला इस्त्री करत होते. ते आमच्या बँडमध्ये झांजा वाजवतात. सबंध कार्यक्रमात झांजा तीन-चार वेळा वाजतात, उरलेला वेळ भाऊजी भक्तिभावाने बसून असतात. स्वभावालाही तेच काम शोभतं.

“तू सोडून दे ती कॉयर,” मी ताईला म्हटलं. “उद्याच्या उद्या. झगा त्याच्या तोंडावर फेक.”

“आत्ता इस्त्री केलीय,” भाऊजी म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा! तुमच्या बायकोला त्याने चारचौघांत मुकं केलं आणि तुम्ही झांजा मांडीवर घेऊन बसलात.”

“वाजवायची जागा नव्हती ती,” ते म्हणाले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

ताई चहा गाळत होती. तिने माझ्यापुढे कप ठेवला आणि बसली. “सोडली तर गाणार कुठे मी?” ती म्हणाली. आवाज ‘कुठे’वर फुटला. “स्वयंपाकघरात? भांड्यांना ऐकवू? चार लोकांत उभं राहून गाणं वेगळं असतं गं. शेजारची श्वास घेते, आपण घेतो. ते एकदा सुटलं ना, की मग मी नाही परत जाणार. मला माहीत आहे माझं.”

“मग भांड त्याच्याशी.”

“भांडून काय सांगू? आवाज चांगला आहे म्हणून सांगू?” ती म्हणाली. “नाहीये चांगला. तेवढं खरंच बोलला तो.”

हे ऐकून माझा राग दुप्पट झाला. ती दिवसभर आवाज साठवून ठेवते तो या माणसासमोर ओठ हलवायला? चहा तसाच टाकून मी थेट प्लंबरकडे गेले.

प्लंबर आमच्या बँडचा म्होरक्या. ट्रॉम्बोन वाजवतो, पुढेमागे सरकणाऱ्या लांब नळीचं वाद्य. लोकांच्या घरात नळ्या, चर्चमध्येही नळी, असं तो स्वतःच सांगतो आणि स्वतःच हसतो. मास्तर लोकांना वाटतं बँड त्यांच्या हाताकडे बघून वाजवतो. कसला बघतोय! बँड प्लंबरच्या नळीकडे बघतो. ती वर गेली की आम्ही सुरू, खाली आली की बंद. मास्तर येतात आणि जातात, नळी तीच आहे.

मी त्याला सगळं सांगितलं. तो कुणाच्यातरी सिंकखाली डोकं घालून बसला होता, तिथूनच म्हणाला, “शेवटच्या गाण्याचं शेवटचं कडवं.”

“त्याचं काय?”

“त्यात गाऊ दे तिला. आपण झाकू.”

इथे ते शेवटचं गाणं काय ते सांगायला हवं. आमच्या चर्चचंच आहे, जुनं. ‘दार लोटून बघा कोणी’ असं त्याचं पालुपद. दरवर्षी कार्यक्रम त्यानेच संपतो, आणि आमची एक रीत आहे. शेवटच्या कडव्याला बँड वाद्यं खाली ठेवतो आणि कॉयर एकटी गाते. लोकांना त्यात मोठा भक्तिभाव दिसतो. खरं कारण एवढंच, की फार पूर्वीच्या बँडमध्ये सगळे म्हातारे होते आणि तिथवर येईतो त्यांचा दम संपायचा. पण रीत पडली ती पडली.

शूःमास्तरने ती यंदा मोडली होती. वर्षभर शूः शूः करणाऱ्याला व्हिडिओच्या शेवटी दणका हवा होता. त्याने असं ठरवलं की शेवटच्या कडव्याची पहिली ओळ बँडने एकट्याने जोरात वाजवायची, कॉयरने तेवढा वेळ गप्प राहायचं, दुसऱ्या ओळीपासून कॉयर आणि बँड मिळून, आणि अगदी शेवटी भाऊजींच्या झांजा. सरावात आम्ही तसंच वाजवत होतो, कुरकुरत का होईना.

प्लंबरचं म्हणणं बरोबर होतं. त्या दणक्यात ताई गायली तर माइकच काय, शेजारणीलाही कळणार नव्हतं. बाकीच्या गाण्यांना ओठ हलवील, पण एक कडवं तरी चार लोकांत उभी राहून गाईल. नाताळला निदान एक कडवं!

ताईला पटवायला बराच वेळ लागला. “कुणाला ऐकू गेलं तर?” ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

“आम्ही जोर लावल्यावर देवालासुद्धा कानात बोटं घालावी लागतील,” मी म्हटलं. “तुझा आवाज ऐकायला कुणाचे कान रिकामे राहणार नाहीत.”

“दुसऱ्या ओळीपासून ना?”

“दुसऱ्या ओळीपासून. बँड तुझ्यावर पांघरूण घालतोय असं समज.”

ती हसली. त्या सबंध आठवड्यात पहिल्यांदा.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी चर्च भरलं होतं. मागे उभं राहायलाही जागा नव्हती. खांबांना मेणबत्त्या, मधल्या वाटेत कॅमेऱ्याची तिपाई, आणि कॉयरपुढे काठ्यांवर टांगलेले ते बारीक माइक. बँड एका कडेला बसतो, म्हणून मला ताई बाजूने दिसत होती. पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या झग्यात, कागद छातीशी.

पहिलं गाणं सुरू झालं. तिचे ओठ उघडत होते, मिटत होते. आवाज नाही. काचेमागच्या माशासारखे. मासे पाळावेत असं मी गमतीने म्हणाले होते, आणि या माणसाने खरंच पाळला होता, माझ्या बहिणीचा मासा करून. ती श्वास सगळ्यांबरोबर घेत होती. पोटभर श्वास घ्यायचा आणि मग तो नुसताच सोडून द्यायचा. मला वाजवता येईना. डोळ्यांत पाणी आलं की ओठ सैल पडतात आणि ट्युबा म्हशीसारखा हंबरतो. एकदा हंबरलाच. शूःमास्तरने हवेत बघितलं.

गाण्यामागून गाणी झाली. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, मधे वचन वाचलं, चार शब्द सांगितले. मग शेवटचं गाणं. मी फुंकून फुंकून ट्युबात साठलेलं पाणी काढलं, नीट बसले. प्लंबरने आमच्याकडे वळून डोळा मारला. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. मी ताईकडे बघत होते. तिने कागद खाली केला होता, डोळे मिटले होते. आता शेवटचं.

आणि प्लंबरची नळी खाली आली.

त्याने मुद्दाम केलं नाही. त्याने आईची शपथ घेतलीय आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. तो वाजवता वाजवता ताईकडे बघत होता, डोकं तिकडे आणि हात आपल्या जुन्या वळणाने. इतकी वर्षं त्या जागी जे केलं तेच हातांनी केलं. नळी खाली आली म्हटल्यावर काय, मेंढरांसारखी सगळी वाद्यं खाली. कॉर्नेट खाली, हॉर्न खाली. आणि माझा ट्युबाही खाली! एवढा राग उराशी घेऊन बसलेली मी, मीसुद्धा नळीकडे बघून ओठ काढले. चर्च एकदम शांत झालं. शूःमास्तरचे दोन्ही हात दणक्यासाठी वर गेलेले, ते तिथेच राहिले. कॉयर त्याने शिकवल्याप्रमाणे पहिल्या ओळीला गप्प उभी होती.

एकटी ताई गात होती.

तिचीही तीच चूक झाली होती. डोळे मिटले आणि जुनी रीत आठवली: शेवटचं कडवं, बँड खाली, आपण सुरू. ‘दिवा नसला तरी चालेल, आत येऊ द्या.’ तिचा आवाज त्या सबंध चर्चमध्ये उघडा पडला. चिरलेला, निम्मा हवा. पहिल्या ओळीच्या शेवटी तिने डोळे उघडले आणि तिला कळलं. मी तिचा चेहरा पाहिला. असा चेहरा मला पुन्हा कुणाचाही बघायचा नाही.

मी झटकन ट्युबा उचलला. पांघरूण घालीन म्हणून शब्द दिला होता. ओठ लावले तेवढ्यात प्लंबरचा हात माझ्या दंडावर आला. “थांब,” तो पुटपुटला. “बघ.”

ताई शूःमास्तरकडे बघत होती. त्याने उजवा हात खाली आणला आणि बोट ओठांवर नेलं. सबंध मंडळींसमोर, कॅमेऱ्यासमोर. शूः.

दुसऱ्या ओळीला उठायची कॉयर ते बोट बघून सुरूच झाली नाही. मला वाटलं, संपलं. आता ही कायमची मिटली.

तिने श्वास घेतला. खांदे हललेले दिसले मला. ‘जागा नसली तरी चालेल, टेकू द्या.’ त्याच्याकडे बघत गायली, एक शब्द न गाळता. मागच्या रांगांत कुणीतरी खोकलं आणि खोकला अर्ध्यात दाबला. तिसऱ्या ओळीला सूर वर जातो. ‘बाळ उघड्यावर आहे, पदर तरी द्या.’ ‘बाळ’वर आवाज फुटला, नुसती हवा आली. ती थांबली. गडबडली नाही. दवाखान्यात एखाद्या म्हातारीला पहिल्यांदा ऐकू गेलं नाही तर जसं ती पुन्हा पुकारायची, तशीच तिने ओळ पुन्हा घेतली, खालून घेतली, जिथे तिचा आवाज पोचत होता तिथून. आणि मग शेवटची ओळ, ‘दार लोटून बघा कोणी, दार लोटून बघा.’ भाऊजींनी झांजा उचलल्याच नाहीत. त्या एकमेकींना लागून वाजू नयेत म्हणून दोन्ही पोटाशी धरून बसले होते आणि रडत होते.

टाळ्या बऱ्याच उशिरा सुरू झाल्या, आणि मग थांबेनात.

शूःमास्तर टाळ्यांकडे पाठ करूनच आमच्याकडे निघाला. चेहरा लालबुंद. “तुम्हा लोकांना एक गोष्ट साधी सांगितली होती,” असं त्याने प्लंबरला सुरू केलंच होतं, एवढ्यात मागून पाळकसाहेब आले आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले.

“काय कल्पना हो तुमची!” ते म्हणाले. डोळे ओले होते त्यांचे. “सगळं थांबवायचं, आणि तो एकच आवाज! अंगावर काटा आला.”

मी बस चालवते, रस्त्यावर माणसं रंग कशी बदलतात ते रोज बघते. पण इतक्या वेगाने सिग्नलसुद्धा बदलत नाही. लाल होता, तो गुलाबी झाला. “हो,” तो म्हणाला. “म्हणजे, जोखीम होतीच थोडी.”

जोखीम! याची जोखीम! कॅमेरावाला तिपाई उचलून जवळच आला. “सर, यावर दोन शब्द बोला ना, व्हिडिओच्या शेवटी टाकू. ही कल्पना सुचली कशी?” माणसं भोवती जमली. कॉयरमधल्या पोरी, त्यांच्या आया, प्लंबरची बायको. शूःमास्तरने मफलर सारखा केला.

“माझ्या मनात पहिल्यापासून होतं,” तो म्हणाला, “की शेवटी एक सच्चा आवाज हवा. तुटलेला असेल, चालेल. सरावात मी ताईंना मुद्दामच…”

मी ट्युबासकट उठले. तो ट्युबा मी त्याच्या डोक्यात घातला असता की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. भाऊजींनी मागून माझी बाही धरली. पण तोवर ताई पोचली होती. झगा हातावर घेऊन ती गर्दीतून शांतपणे पुढे आली, जशी खिडकीवर आपल्या जागेवर बसायला जावी, आणि कॅमेऱ्यासमोर त्याच्या शेजारी उभी राहिली.

“सर,” ती म्हणाली, “तुम्ही नुसते ओठ हलवा. आवाज नको.”

मग कॅमेऱ्याकडे वळून, फुटेल तिथे फुटू देत, तिने सांगायला सुरुवात केली: मला गाऊ नका म्हणून सांगितलं होतं, बँड चुकला, मी पण चुकले, आणि पुढच्या वर्षी मी सगळी कडवी गाणार आहे. शूःमास्तरचे ओठ खरंच थोडा वेळ हलत होते. व्हिडिओत नीट दिसतंय.